एका पिपातली ब्रँडी आणि आईचा चमचा

ती. बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही असताना कधी गरज पडली नाही. घणसोलीतच तुमची सोसायटी आणि माझी, मध्ये एक रिक्षा स्टँड आणि दोन मेडिकल. काही सांगायचं असलं की मी चपला अडकवून येत असे, आणि काही विचारलं की तुम्ही ऐकू न आल्यासारखं करत असा. आता तेही करता यायचं नाही तुम्हाला, म्हणून विचारून घेते.

काल खंडेनवमी झाली. तुमच्याशिवायची पहिली. पाटावर तुमचा छोटा वजनकाटा मांडला, वास घ्यायच्या कागदी पट्ट्यांची जुडी मांडली, निळ्या पुठ्ठ्याची वही मांडली आणि शेवटी ती बाटली. आई एकेकाला हळदकुंकू वाहत आली. बाटलीपाशी तिचा हात थांबला. मग ती तिथेच फतकल मारून बसली आणि म्हणाली, "वृंदा, मला काहीतरी सांगायचंय. रागावू नकोस."

तिने जे सांगितलं त्याने मला आधी हसू आलं. तिचं तोंड बघितलं आणि हसू गेलं. मग एकच प्रश्न उरला. त्याच्यासाठी हे पत्र. आई त्या बाटलीत चहा ओतत होती, हे तुम्हाला कळलं होतं का, बाबा?

थांबा, क्रमाने सांगते. ठोकलेल्या गाड्यांच्या विम्याची चौकशी करून पोट भरणारी बाई आहे मी. क्रम सुटला की माझं मलाच कळेनासं होतं.

बाटली आपल्याकडे आली तेव्हा मी कॉलेजात होते. पावणे गावातल्या त्या छोट्या फॅक्टरीत तुम्ही इसेन्स बनवत होतात. आइस्क्रीमवाल्यांना केशर, बिस्किटवाल्यांना लोणी, सरबतवाल्यांना वाळा आणि बेकरीवाल्यांना नाताळच्या केकसाठी ब्रँडी. सगळं थेंबाथेंबाने जमवलेलं. आयुष्यात दारूचा घोट न घेतलेला माणूस ब्रँडीचा वास बनवतो, हे आपल्या नातेवाइकांच्या पचनी कधी पडलं नाही. दर लग्नात कुणीतरी डोळा मारून विचारायचंच, चाखून बघावी लागत असेल ना? त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर असे: डॉक्टर काय रोग चाखून बघतो?

आणि मग तो म्हातारा फ्रेंच गृहस्थ तुमच्या मालकांकडे व्हॅनिलाच्या कामासाठी आला. तुम्ही हौसेने त्याच्या नाकाखाली तुमच्या ब्रँडी इसेन्सची पट्टी धरलीत. त्याने डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले, आणि म्हणाला, व्हेरी क्लीन. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. "स्वच्छ आहे म्हणाला. स्वच्छ! फिनेल आहे का ते?" आई म्हणाली, अहो, चांगलंच म्हणाला की. तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की तिने मुकाट्याने ताट झाकून ठेवलं.

जाताना त्याने तुमचं जन्मसाल विचारलं होतं. ते कशासाठी, हे काही महिन्यांनी कळलं, कुणाकुणाच्या हाताने फिरत ती बाटली घरी पोचली तेव्हा. लेबल हाताने लिहिलेलं. पिपाचा नंबर, ते पीप भरलं ते साल, आणि ते साल तुमच्या जन्माचं.

मला तो दिवस आठवतो, कारण तुम्ही एवढं सलग बोलल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या द्राक्षांची वाइन, ती भट्टीवर चढवून उतरवलेला अर्क, तो ओक लाकडाच्या पिपात भरायचा आणि तळघरात ठेवून विसरून जायचं. दर वर्षी थोडा अर्क लाकडातून उडून जातो, उरतो तो रंगाने आणि अंगाने भरत जातो. बहुतेक लोक वीस पिपं एकमेकांत मिसळून दर वर्षी एकच चव राखतात. ही तशी नाही. ही एकाच पिपातली. त्या पिपात तिचं जे झालं ते झालं, त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

"म्हणजे एकुलती एक," आई म्हणाली.

"आणि हट्टी," तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात.

तेव्हापासून मला त्या बाटलीचं कुतूहल. तुम्ही रोह्याला अनवाणी शाळेत जात होतात तेव्हा ही तिकडे अंधारात पडून होती. तुम्ही केमिस्ट्रीला नापास झालात, पुन्हा बसलात, बेलापूर रस्त्यावर नोकरीला लागलात, लग्न केलंत, मी झाले. ही आपली अजून त्याच पिपात. तुमचे केस पिकायला लागले तेव्हा हिला बाटलीत भरलं. जुळ्या भावंडांतलं एक परदेशी वाढावं, तसं मला वाटे. तिकडे तिचा कधी कुणी असा वास घेत बसलं असेल का, तुम्ही घेत होतात तसा?

तुमचा तो सोहळा! सकाळी फॅक्टरीतली पूजा आटपून तुम्ही घरी यायचात, आंघोळ पुन्हा करायचात, बिनवासाच्या साबणाने. तुमची पहिली पट्टी हुंगून होईपर्यंत आईला फोडणी टाकायला बंदी. वर्षातून एकदा बूच उघडायचं, एक पट्टी टोक बुडेल एवढीच बुडवायची, बूच बंद. पट्टी कपड्यांच्या चिमट्यात अडकवून गॅलरीच्या दाराशी टांगायची आणि तासातासाने जाऊन नाक लावायचं. संध्याकाळी वहीत त्या वर्षाची नोंद. प्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. हिच्यासारखी हुबेहूब जमली की मगच या बाटलीचं काय करायचं ते ठरवू, असं तुम्ही म्हणायचात. सर्दीने कायम चोंदलेलं नाक घेऊन मी शेजारी उभी राहायची आणि मला फक्त स्पिरिट कळायचं. तुम्हाला कोण वाईट वाटायचं त्याचं!

काल रात्रीच्या जेवणाआधी मी ती वही पहिल्यांदा वाचली. पहिलं वर्ष: "भिजवलेले मनुके. शिसवी कपाट बऱ्याच दिवसांनी उघडल्यासारखं. मागे अक्रोड, किंचित खवट, पण हवासा खवट." तिसरं वर्ष: "सुकलेली संत्र्याची साल. दुपारनंतर तपकीर, मामांच्या डबीतली." किती छान लिहीत होतात हो तुम्ही! आम्हाला पत्रात "सर्व क्षेम" याच्यापुढे एक अक्षर जास्त नाही, आणि एका पट्टीसाठी मामांची तपकिरीची डबी?

आता आईचं.

रेवा झाली, माझी रजा संपली आणि तिला दिवसभर तुमच्याकडे सोडून मी कामाला जायला लागले. ते तुम्हाला माहीतच आहे. पहिल्याच हिवाळ्यात पोरीची छाती घरघरायला लागली. लहानपणी मला कफ झाला की आई औषधाची ब्रँडी कोमट करून छातीला आणि तळपायांना चोळायची. घरोघरी तेच चालायचं. औषधांच्या खणात खोकल्याच्या बाटलीशेजारी ती छोटी बाटली असायचीच, आणि तिला दारू म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण रेवाच्या डॉक्टरांनी असलं काही लावायला सक्त मनाई केली होती, आणि मीही आईला बजावून ठेवलं होतं.

तुम्ही तेव्हा कामासाठी बद्दीला गेला होतात. दुपारची वेळ, मी ऑफिसात, रेवा कुरकुरतेय, आणि खणातली औषधाची बाटली कोरडी ठणठणीत. "घणसोलीच्या वाइन शॉपच्या रांगेत मी उभी राहू?" आई काल मला म्हणाली. "सोसायटीतलं निम्मं पब्लिक तिथे असतं." मग तिने स्टुलावर चढून कपाटावरून तुमची बाटली काढली. ब्रँडी ती ब्रँडी. बाबा, जगात एका पिपात चाळीसेक वर्षं एकटी राहिलेली ती ब्रँडी, तुमच्या वयाची, आईने पळीत कोमट केली आणि रेवाच्या छातीला आणि तळपायांना चोळली. वरून मोजे.

रेवाला गाढ झोप लागली म्हणे. आणि आईचा विश्वास बसला.

एक चमचा तेव्हा, दोन पुढल्या आठवड्यात, असं करत होळीपर्यंत बाटलीतली पातळी दोन बोटं खाली. खंडेनवमी येणार, तुम्ही बाटली उजेडात धरणार. आईने चार दिवस विचार केला आणि कोरा चहा गार करून, गाळून, तेलाचं नरसाळं तीनदा धुऊन, बाटली होती तिथवर भरून ठेवली. रंग हुबेहूब जमला होता, हे सांगताना कालसुद्धा तिच्या चेहऱ्यावर जरा अभिमान होता. पण तो चहा आपल्या घरचा. म्हणजे त्यात तिच्या कुंडीतला गवती चहा आलाच. पुढच्या वर्षी तर सुंठही.

असे पाच हिवाळे गेले. रेवाची छाती मोकळी झाली, मोजे लहान झाले, सगळं आपोआप थांबलं. आईने मनाशी म्हटलं, सुटले. आणि या पावसात तुम्ही गेलात.

दामूकाकांनी तुमचं लॅबमधलं सामान दोन खोक्यांत घालून आणून दिलं. तुमच्याबरोबर तीस वर्षं राबलेला हा बोनकोड्याचा माणूस खोकी टेबलावर ठेवून रडला. त्याच्या बोलण्यातून आईला पहिल्यांदा कळलं की हुबेहूब जमवायची ही तुमची नुसती बोलण्यातली हौस नव्हती. तुम्ही ब्रँडीचा एकेक इसेन्स त्या बाटलीवरून ताडून बघत होतात. अठरा केलेत आणि अठरा टाकलेत. एकोणिसावा तुम्ही स्वतः मालकांपुढे ठेवलात, आणि सगळ्या बेकऱ्या अजून तोच नेतात. आईने हिशेब केला, की एकोणिसावा झाला तो रेवाच्या बालवाडीच्या वर्षी. म्हणजे चहा ओतल्यानंतर.

त्या दिवसापासून तिने चहा सोडला. आम्हाला वाटलं तुमच्यासाठी. तुमच्या बहिणी कौतुकाने म्हणाल्या, काशीला न जाता सोडला हो! तिने गवती चहाची कुंडीसुद्धा खाली वॉचमनच्या केबिनशी नेऊन ठेवली, आणि मी त्याचा काही अर्थच लावला नाही. मी! गाडीच्या बंपरवरचा ओरखडा बघून ड्रायव्हर खोटं बोलतोय हे सांगणारी!

"आयुष्यभर ते ज्याची नक्कल करायला धडपडले," आई काल पाटापुढे म्हणाली, "त्यातच मी चहा ओतत राहिले. त्यांना कळलं नसेल तर मी त्यांना फसवलं. कळलं असेल तर ते मनात ठेवून गेले. यातलं काय बरं, तू सांग."

सकाळ-संध्याकाळ तीन-तीन कप पिणारी बाई तीन महिने गरम पाणी पितेय, आणि ते चांगलं असतं असं मला सांगतेय. तेव्हा मी चौकशीला बसले.

पुरावा पहिला, वही. रेवाचा पहिला हिवाळा झाल्यानंतरची नोंद: "काहीतरी हिरवं. लिंबाच्या पानासारखं. गेल्या वर्षी नव्हतं. बाटलीत ब्रँडी बदलत नाही असं पुस्तकं म्हणतात. मग?" पुढच्या वर्षी: "हिरवं वाढलंय. धार कमी. सुंठ???" तीन प्रश्नचिन्हं, बाबा. तिसरं तर कागद फाटेल इतकं दाबून काढलेलं. मला हसू आवरेना. आई माझ्या खांद्यावरून बघत होती, ती मात्र पांढरी पडली.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी अख्ख्या पानावर एकच शब्द: "हं."

एवढंच? काय अर्थ घ्यायचा माणसाने या "हं"चा? माझ्या धंद्यात असा जबाब कुणी दिला तर मी सही करून घेत नाही. राग आला होता? उलगडा झाला होता? की नुसताच सुस्कारा? तुम्ही जन्मभर "हं" म्हणत आलात. माझं लग्न ठरलं तेव्हा हं, मी नोकरी बदलली तेव्हा हं. त्या "हं"मध्ये हात घालून काय ते शोधून काढायचं काम नेहमी आमच्यावर.

पुरावा दुसरा, आईचा गुडघा. त्याच "हं"च्या वर्षी तुमच्या हाताने बाटली कपाटावरून खाली आली आणि स्वयंपाकघरात औषधांच्या खणाच्या वरच्या फळीवर गेली. का, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, त्यांचा खांदा दुखायचा, हात वर जात नव्हता. मी म्हटलं, खांदा दुखायला लागला तो बाबा कोपरखैरणेला घसरले तेव्हा, म्हणजे कितीतरी नंतर. त्या वर्षी कुणाचं दुखत होतं? आईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, माझा गुडघा. स्टुलावर चढवत नव्हतं.

पुरावा तिसरा तर माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होता. संध्याकाळी मी रेवाला न्यायला आले की तुम्ही तिला एकदा उचलून घ्यायचात आणि तिच्या मानेत नाक खुपसायचात. मला वाटे, आजोबाची माया. माया तर होतीच. पण जे नाक दोन घाण्यांचं खोबरेल वेगळं ओळखत होतं, त्याला नातीच्या छातीवरचे मनुके आणि अक्रोड कळले नसतील?

पण हे सगळे अंदाज. अंदाजावर आई चहा पिणार नव्हती. ती म्हणाली, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.

आज दसरा. सकाळी दामूकाका आपट्याची पानं घेऊन आले. तुमच्या फोटोपुढे सोनं ठेवलं, आईच्या पाया पडले, आणि मी चहा विचारला तर आईकडे बघून नको म्हणाले. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. एकोणीस नंबरचं पान काढलं. मला त्यातलं काहीच उमगत नव्हतं, कारण तुम्ही लोक फॉर्म्युला कधी सरळ लिहीत नाही. चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक मालाला खोटं नाव. तुमची नावं सगळी आपल्या रस्त्यावरच्या गावांची. तळवली इतकं, पावणे इतकं, रबाळे इतकं, बोनकोडे अगदी थोडं.

बोनकोड्यावर बोट ठेवून दामूकाका डोळे पुसत हसले. ते नाव ज्याला दिलंय त्याला उघड्यावर सडक्या चीजसारखी घाण येते म्हणे. लॅबमधल्या बाटलीवर स्वतःच्या गावाचं नाव बघून ते दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. मग तुम्ही त्यांना पट्टी हुंगायला दिलीत, एक बोनकोडे घातलेली आणि एक न घातलेली. त्याच्याशिवाय जुनेपणा येतच नाही, हे त्यांना त्यांच्याच नाकाने पटवलंत.

त्या यादीत शेवटची ओळ वेगळी होती. आधीच्या अठरा फॉर्म्युल्यांत ती कुठेच नव्हती. मी काल रात्री तीनदा पान उलटून बघितलं होतं, आणि आईला दाखवलं नव्हतं, कारण त्या ओळीचा अर्थ मला चुकीचा लागला असता तर तिला ते सोसलं नसतं. मी दामूकाकांना विचारलं, हे कुठलं गाव?

दामूकाकांनी वाचलं आणि आईकडे पाहिलं. "ताई, सायबांना सगलं ठावं व्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. एके वर्षी तुम्ही दसऱ्यानंतर लॅबमध्ये आलात आणि त्यांना म्हणालात, दामू, तुझ्या अंगणातला गवती चहा घेऊन ये उद्या. तो दिवसभर चुरगळून हुंगलात. दोन दिवसांनी गवती चहाचं तेल मागवलंत. अठरा नंबरच्या इसेन्समध्ये त्याचा एक थेंब टाकलात, मग तोही जास्त वाटला म्हणून पातळ करून त्याचा एक थेंब. त्या नव्या बाटलीला नाव द्यायची वेळ आली. दामूकाकांनी गोठिवली सुचवलं, ते गाव अजून उरलं होतं. तुम्ही नको म्हणालात आणि स्वतःच चिठ्ठी लिहून चिकटवलीत.

"मी इचारलं, सायेब, ह्यो कंचा गाव? तर हसले. मना सांगतान, गाव नाय रे दामू, ह्या नाव माज्या घरान हाय. आनि कोनाला बोलू नको."

मी वही आईकडे सरकवली. तिने चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून वाचलं. तळवली, पावणे, रबाळे, बोनकोडे. आणि मग, शालिनी, एक थेंब.

बाबा, तुम्ही आईला कधी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. अगं, ऐकलंस का, आणि पाहुण्यांसमोर तर नुसतं खाकरणं. लग्नात नाव घ्यायच्या वेळी तुम्ही लाजून मांडवातून उठून गेला होतात, हे आईने आम्हाला निदान शंभरदा ऐकवलंय. तिने तुमचं घेतलं होतं, चांगलं चार ओळींचं. तुमचं राहिलं ते राहिलंच. दर वाढदिवसाला ती म्हणायची, अहो, आता तरी घ्या. तुम्ही म्हणायचात, हं.

तिने दोनदा वाचलं. मग तिचं बोट समासाकडे गेलं. तिथे बारीक अक्षरांत तुम्ही लिहून ठेवलंय: "आता स्वच्छ नाही. आता बरोबर."

मी तिला समजावून सांगायला लागले, की त्या फ्रेंच म्हाताऱ्याला जे कमी वाटलं होतं ते हेच असणार, की अठरा वेळा ज्यात नुसती ब्रँडी होती त्यात एकोणिसाव्या वेळी घर आलं. तिने मला हाताने थांबवलं. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाली, "घ्यायचंच होतं, तर मोठ्याने घ्यायचं की हो."

आणि रडली. तुम्ही गेल्यापासून ती आमच्यासमोर अशी रडली नव्हती. दामूकाका उठून गॅलरीत गेले. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

माझी तक्रार मात्र आहेच, आणि ती ऐकून घ्या. तुम्हाला कळलं होतं. इतकी वर्षं! बाईने किती खंडेनवम्या जीव मुठीत धरून काढल्या असतील? एकदा हसून "चहा छान झालाय" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? मी हे बोलूनही दाखवलं. तर आई पदराने नाक पुसत तुमचीच बाजू घेते! म्हणाली, ते बोलले असते तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं, आणि पोरगी खोकत राहिली असती. रेवा बरी झाली ती डॉक्टरांच्या औषधाने, हे मी गिळलं. दसऱ्याच्या दिवशी कुठे वाद घालायचा?

पण एक गोष्ट मला अजून कळत नाही, आणि ती विचारल्याशिवाय हे पत्र संपवता येत नाही. आता त्या बाटलीत तुमच्या वर्षाचं किती उरलंय? पाच हिवाळे चमचे गेले आणि चहा आला. तो म्हातारा आज आला आणि त्याने बूच उघडलं तर कपाळाला हात लावेल. दुसऱ्या कुणाचाही हात न लागलेली, म्हणून तर ती नावाजलेली! मग तुम्ही ती ओतून का दिली नाहीत? बिघडलेला नमुना लॅबमध्ये ठेवायचा नाही, हा तुमचाच नियम ना? तरी शेवटपर्यंत दर वर्षी बूच उघडून त्याच बाटलीची पट्टी हुंगत राहिलात. शेवटच्या चार वर्षांच्या नोंदी बघितल्या मी. तिथे अक्रोड नाही, तपकीर नाही. चारही वर्षं एकच वाक्य: "हिरवं आहे अजून."

याचं उत्तर मला नको. मला ते माहीत आहे असं वाटतं, आणि ते तसंच राहू दे.

दुपारी आई उठली, खाली गेली आणि वॉचमनच्या केबिनशेजारून कुंडी उचलून घेऊन आली. वॉचमन लिफ्टपर्यंत तिच्या मागे, काकी, मी आणतो ना! तिने ऐकलं नाही. मग कात्रीने चार पाती कापली आणि चहा टाकला. सुंठ घालू का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, नको, तीन प्रश्नचिन्हं आहेत. तेव्हा ती हसली. दामूकाकांनी दोन कप घेतले, आणि तिने तीन.

चहा झाल्यावर रेवा पट्टी घेऊन आली. काल या सगळ्या गोंधळात बूच उघडायचं राहिलंच होतं. अकरा वर्षांची झालीय आता, नाक तुमच्यावर गेलंय, माझ्यावर नाही, देवाची कृपा. तिने टोक बुडवलं, गॅलरीच्या दाराशी चिमट्यात टांगलं आणि तासाभराने जाऊन हुंगलं. मी वहीत तिच्या शब्दांत लिहिलं: "आजोबांचं कपाट. आजीचं किचन. आणि मला ओळखीचा कसला तरी, पण आठवत नाही." तिला कुठून आठवणार? मी सांगितलं नाही. मोठी झाली की सांगेन, तळपायांचं.

तर बाबा, माझा शब्द घ्या. ती बाटली कुणाला देणार नाही, विकणार नाही, शोकेसमध्ये कुलूप लावून मिरवणार नाही. ती औषधांच्या खणावरच राहील, आईचा हात पोचेल तिथे. दर खंडेनवमीला एक पट्टी, एक नोंद, रेवाच्या नाकाने आणि माझ्या अक्षरात. आणि पूजा झाली की मी वही उघडून एकोणीस नंबरचं पान वाचेन. आकडे वाचणार नाही, दामूकाकांना तसं कबूल केलंय. नुसती नावं, रस्ता जातो तशी सावकाश. तळवली, पावणे, रबाळे, बोनकोडे. आणि शेवटचं नाव तुमच्या वतीने, आईकडे बघून, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तुमची,
चोंदलेल्या नाकाची
वृंदा